सूड गोड बोलतो

नवोदितांच्या कथा वाचताना एक वाक्य हमखास भेटते : ‘त्याचे डोळे सुडाने पेटले होते.’ त्या माणसाची मला भीती वाटत नाही. खरा सूडकरी डोळे पेटू देत नाही.

एडगर ॲलन पो यांची १८४६ सालची ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ ही कथा मी त्यासाठीच पुन्हा पुन्हा वाचतो. माँट्रेसॉर आपल्या वैऱ्याला, फॉर्च्युनाटोला, मद्य पारखण्याच्या निमित्ताने तळघरात नेतो. वाटेत एक कठोर शब्द नाही. उलट त्याचा खोकला पाहून परत फिरण्याचा आग्रह धरतो. पण नोकर घरी नसतील याची तजवीज त्याने आधीच केली आहे आणि झग्याखाली गवंड्याची थापी आहे. शेवटी तो त्याला जिवंत भिंतीआड चिणतो. जिभेवर काळजी, हातात थापी. सूड दिसतो तो या दोहोंमधल्या फटीतून.

अपमान नेमका कोणता, हे माँट्रेसॉर शेवटपर्यंत सांगत नाही. किसासला माप असते. कुरआन बदल्याला मर्यादा घालते आणि माफीला वरचा दर्जा देते. इथे मापच नाही, म्हणून न्याय नाही, नुसता सूड आहे.

आपण दंगलींवर लिहितो, भाऊबंदकीवर लिहितो. आपल्या जखमा खऱ्या आहेत. पण डोळे पेटलेला माणूस वाचकाला परका वाटतो. ‘भाईजान, जेवूनच जा,’ म्हणत दाराला हळूच आतून कडी लावणारा मात्र त्याला स्वतःतही सापडू शकतो.