पंप नवा, स्टिअरिंग जडच

स्टिअरिंग जड झालं की पंप गेला, हे मी इतक्या जणांना छातीठोकपणे सांगितलं होतं की माझ्यावर वेळ आली तेव्हा तपासायची गरजच वाटली नाही.

राहायला मी अकोल्यात जठारपेठेत, शेती गांधीग्रामच्या पुढे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथं विहिरीचं खारं पाणी पिकाला चालत नाही. सगळी भिस्त पावसावर. काळी माती ओली असली की ट्रॅक्टर रुततो, वाळली की ढेकळं फुटत नाहीत. मधे वापशाचे दिवस थोडे, पेरणी तेवढ्यातच.

नेमकं तेव्हाच स्टिअरिंग जड झालं. ट्रॅक्टर जुना; साधा स्टिअरिंग बॉक्स आणि मदतीला हायड्रॉलिक सिलिंडर. टाकीत तेल पुरेसं होतं. फेस नव्हता, म्हणजे हवा शिरलेली नव्हती. पंप थकला असता तर रेस वाढवल्यावर स्टिअरिंग हलकं लागलं असतं, तेल तापल्यावर आणखी जड. इथं थंड-गरम सारखंच जड. शिवाय वळण घेतल्यावर चाकं आपसूक सरळ येत नव्हती. पंप निर्दोष असल्याची एवढी साक्ष समोर होती, पण मी निकाल आधीच देऊन बसलो होतो.

नवा पंप बसवला. फरक शून्य. मग गेज न लावताच रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळला. दाब वाढला, स्टिअरिंग जरा हललं आणि रात्री मी खुशीत जेवलो. दुसऱ्या दिवशी सिलिंडरचं सील फुटलं, तेल शेतात सांडलं. जादा दाब सोडून देऊन सील वाचवणं हेच त्या व्हॉल्व्हचं काम. हे मला ठाऊक नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

सील मिळेपर्यंत वापसा गेला. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं, उशिरा झाली. सोयाबीन विरळ उगवलं.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पंपाकडे पाहिलंही नाही. पुढचा एक्सल जॅकवर उचलला, सिलिंडर आणि लिंक सोडली, चाक हातानं ढकललं. ते जेमतेम सरकलं.

"काहून बदलला पंप, भाऊ? चाक तं इथंच अडकून रायलं."

चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन कोरडी पडली होती. निपल माती आणि वाळल्या ग्रीसनं बुजलेलं. ग्रीसगन मी नेमानं लावत होतो. ग्रीस निपलाच्या कडेनंच बाहेर येई आणि मी 'भरलं' म्हणून पुसून टाकी. ते बुशच्या तोंडाशी यायला हवं होतं.

दुकानात मिळतं ते मी आधी बदललं. फुकटात तपासता येतं ते शेवटी, तेही दुसऱ्यानं. नवा पंप घेताना जुना दुकानदाराला देऊन घासाघीस केली होती, पैसे सुटल्याचा आनंदही झाला होता. तो चांगला पंप आता कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बिनतक्रार चालत असेल.