वस्ती आणि वेस

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा माझ्याकडून शाळेच्या आठवणींची अपेक्षा असणार, हे मी जाणून होते. सत्तावीस वर्षे येथे इतिहास शिकवला. त्यांपैकी अकरा वर्षे मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून काम पाहिले. आठवणी पुष्कळ आहेत. तरीही मी लिहिणार आहे ते सिंगापूरविषयी. वाचकांनी थोडा धीर धरावा. शेवटी मी शाळेकडेच येणार आहे.

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सिंगापूरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. नाव छापू नये अशी तिची इच्छा आहे. गेली तीन वर्षे ती आग्रह करीत होती. अखेर एका मे महिन्याच्या सुट्टीत नऊ दिवसांसाठी गेले. विमानतळावरून येताना तिने सांगून टाकले, "बाई, उंच हॉटेले आणि दिव्यांच्या बागा सगळेच पाहतात. त्या एका संध्याकाळी उरकू. मी तुम्हांला वस्त्या दाखवते. तुम्हीच शिकवलेत ना, राजवाडा पाहून राजा कळतो, वस्ती पाहून राज्य कळते!" मी असे कधी म्हटले होते, मला स्मरत नव्हते. पण विद्यार्थ्यांनी जपलेले वाक्य नाकारण्याचे धैर्य कोणत्या शिक्षकाला असते?

पहिल्या दिवशी तेलोक आयर नावाच्या रस्त्यावर गेलो. आज दोन्ही बाजूंना बँकांच्या गगनचुंबी इमारती आहेत. पण एकोणिसाव्या शतकात समुद्र याच रस्त्याला येऊन भिडत असे. पुढे भराव घालून समुद्र मागे सारला गेला. चीनच्या फुकियान प्रांतातून आलेले मजूर येथे नावेतून उतरत आणि सुखरूप पोहोचल्याबद्दल समुद्रदेवी माझूचे आभार मानत. त्या जागी 1839 ते 1842 या काळात थियान हॉक केंग हे मंदिर उभे राहिले. त्याच रांगेत, काही पावलांवर, तमिळ किनाऱ्यावरून आलेल्या चुलिया मुसलमानांनी 1828 ते 1830 मध्ये बांधलेला नागोर दर्गा आहे. त्यापुढे त्यांचीच अल-अब्रार मशीद. तिन्ही वास्तू घडल्या त्या एकाच भावनेतून: आपण बुडालो नाही, पोहोचलो. दर्ग्याच्या पांढऱ्या भिंतीला हात लावून मी काही वेळ उभी राहिले. घर सोडून आलेल्या माणसांना परक्या किनाऱ्यावर पहिला आसरा आपल्या माणसांनीच द्यावा, यात गैर काय, असे तेव्हा मनात आले.

दुसऱ्या दिवशी एका संग्रहालयात जुन्या नकाशाची प्रत पाहिली आणि माझ्यातली इतिहासाची शिक्षिका जागी झाली. 1819 मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्सने येथे इंग्रजी व्यापाराचे ठाणे वसवले. 1822 च्या अखेरीस त्याने नगररचनेसाठी समिती नेमली आणि फिलिप जॅक्सन या लेफ्टनंटाने नकाशा रेखाटला. नदीच्या नैर्ऋत्येस चिनी, नदीकाठी वरच्या अंगाला चुलिया, पूर्वेला काम्पोंग ग्लाममध्ये सुलतानाच्या वाड्यालगत अरब आणि बुगी लोक. युरोपियनांसाठी मात्र मधली प्रशस्त जागा. चिन्यांमध्येही बोलीप्रमाणे गल्ल्या पडल्या: होक्कियन तेलोक आयरला, तिओच्यू नदीकाठी, कँटनी क्रेता आयर भागात. हा नकाशा नीटनेटका आहे. रेघा सरळ, अक्षर वळणदार. कोणालाही हाकलून देण्याची भाषा त्यात नाही. सर्वांची सोय पाहिली आहे, असेच वाटते.

आपल्या गावगाड्याचा असा नकाशा कोणा लेफ्टनंटाने काढला नव्हता. तो न काढताच पाठ होता. कोणत्या दिशेला कोणाचे घर, पाणवठा कोणाचा वरचा, कोणाचा खालचा, हे जन्माआधीच ठरलेले. संविधान सभेत 1948 च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे खडे बोल सुनावले, त्यामागे हाच नकाशा होता. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. पण पाटी बदलली तरी वस्ती जेथे होती तेथेच राहते, हेही आपण जाणतो.

जॅक्सनच्या नकाशात नसलेली माणसेही या शहराने वापरून घेतली. 1825 ते 1873 या काळात सिंगापूर हे हिंदुस्थानातील कैद्यांचे काळे पाणी होते. बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातूनही कैदी तेथे पाठवले जात. त्यांनी दलदली बुजवल्या, रस्ते काढले, विटा भाजल्या. 1862 मध्ये ज्याचे विधिवत समर्पण झाले, ते सेंट अँड्र्यूजचे कॅथीड्रल त्यांच्याच श्रमातून उभे राहिले. त्याचा शुभ्र गिलावा चुना, अंड्यातील पांढरा बलक, साखर आणि नारळाच्या सोडणाचे पाणी यांपासून केलेला आहे. तेथे छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीत मी विचार करीत होते: यातली कोणती वीट आपल्या घाटमाथ्यावरच्या एखाद्या माणसाने लावली असेल?

सेरंगून रस्त्यावरची भारतीय वस्ती कोणा साहेबाने आखलेली नाही. गुरांच्या व्यापारामुळे ती वाढली. बफेलो रोड हे नाव अजून आहे. शेजारच्या केर्बाव रोडचाही मलय भाषेतला अर्थ म्हशीचा रस्ता असाच. सोनचाफ्यासारखा पिवळा झेंडू, अबोलीचे गजरे, केळीची पाने, ताज्या कढीपत्त्याचा वास. तेक्का बाजारात शिरले की आपण देश सोडला आहे हे विसरायला होते. पण समुद्र ओलांडून केवळ कढीपत्ताच आला नव्हता, जातही आली होती. म्हणून तर पेरियार रामस्वामी 1929 मध्ये आणि पुन्हा 1954 मध्ये मलायात व येथे आले, 1932 मध्ये येथे तमिळ सुधारणा संघ स्थापन झाला आणि गो. सारंगपाणी यांचे 'तमिळ मुरसु' हे पत्र 1935 पासून निघू लागले.

याच भागात रेसकोर्स रस्त्यावर शाक्यमुनी बुद्धगया विहार आहे. 1927 मध्ये एका थाई भिक्खूने तो स्थापन केला. आत सुमारे पंधरा मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे, भोवती असंख्य दिव्यांचे वलय आहे. मूर्तीच्या मागे एक बुटके दार आहे. वाकून आत गेले की महापरिनिर्वाणाची पहुडलेली मूर्ती दिसते. बाहेरची भव्यता पाहून दिपलेले डोळे त्या लहानशा कोठडीत शांत होतात. बालेस्टियर भागात, ताई जिन रस्त्यावर ब्रह्मदेशीय विहार आहे. मूळ 1875 चा, आधी भारतीय वस्तीजवळ होता, नंतर येथे हलवला. तेथील मूर्ती ब्रह्मदेशच्या शुभ्र संगमरवराची. अगदी शेजारी सन यत्-सेन यांचे स्मारक आहे; त्या बंगल्यात 1906 मध्ये त्यांच्या क्रांतिकारी संघटनेचे सिंगापूरमधील ठाणे होते. क्रांती आणि करुणा यांच्यात कुंपणाची एकच भिंत!

सिंहलींचा विहार वेगळा, थाईंचा वेगळा, चिन्यांचा वेगळा. तथागतांच्याही वस्त्या पडल्या काय, असे मी काहीशा खेदाने म्हणाले. उत्तर मिळाले ते दुसऱ्या सकाळी. ब्रह्मी विहारात माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध चिनी बाई पालीतून त्रिसरण-पंचशील म्हणत होत्या. आमच्या दोघींत एकही सामाईक भाषा नव्हती, पण ते शब्द आम्ही एका सुरात म्हटले. वस्ती वेगळी असणे आणि दार बंद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मी तेव्हा वहीत लिहून घेतले.

माझी विद्यार्थिनी राहते तो तोआ पायो भाग सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींचा. हे मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात बुकित हो स्वी येथील झोपडवस्तीला आग लागून सुमारे 16,000 माणसे बेघर झाली आणि बांधकामाला वेग आला. आज देशातील चारांपैकी तीनांहून अधिक रहिवासी अशाच घरांत राहतात. 1964 च्या जुलै आणि सप्टेंबरमध्ये मलय आणि चिनी यांच्यात दंगली उसळून 36 जणांचे प्राण गेले. ती जखम राज्यकर्ते विसरले नाहीत. पुढे नव्या इमारतींतही लोक पुन्हा आपापल्यांत गोळा होऊ लागले, तेव्हा 1 मार्च 1989 पासून त्यांनी एक नियम केला: प्रत्येक इमारतीत व परिसरात प्रत्येक वंशगटाचे कमाल प्रमाण ठरलेले. आज एका इमारतीत चिनी कुटुंबे 87 टक्क्यांपर्यंत, मलय 25 टक्क्यांपर्यंत, भारतीय व इतर मिळून 15 टक्क्यांपर्यंत. मर्यादा भरली की त्या गटाबाहेरच्या माणसाने त्या गटातल्या माणसाला घर विकायचे नाही. रॅफल्सच्या रेघा पुसायलाही सरकारी रेघच लागली.

इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. एका संध्याकाळी तेथे मलय लग्नाची पंगत पाहिली. दोन दिवसांनी शेजारच्या इमारतीखाली चिनी कुटुंबातील अंत्यविधीचा मांडव होता. येणारेजाणारे आवाज खाली करून बाजूने जात होते. आनंदाला आणि दुःखाला एकच ओसरी, हे दृश्य माझ्या मनातून जात नाही.

मी भारावून बोलू लागले, तशी ती हसली. म्हणाली, "बाई, या नियमाचा फटकाही अल्पसंख्यांनाच बसतो. भारतीय माणसाला घर विकायचे असेल तर कधी कधी भारतीयच गिऱ्हाईक शोधावे लागते, मग भाव पडतो. आणि भाड्याच्या खोलीला तर हा नियम माणुसकी शिकवत नाही. मी फोन केला की आवाज ऐकूनच दोघातिघांनी विचारले, भारतीय का? मग खोली नुकतीच गेलेली असायची."

रविवारी तिने मला मुद्दाम पुन्हा सेरंगून रस्त्यावर नेले. तो दिवस मजुरांच्या सुट्टीचा. तमिळ आणि बांगलादेशी तरुण हजारोंनी गवतावर, पदपथावर बसलेले. कोणी गावी पैसे पाठवतो आहे, कोणी फोनवर लेकराचा चेहरा पाहतो आहे. शहराच्या इमारती हेच बांधतात. पण यांतील बहुतेकांचा मुक्काम शहराच्या कडेला, तुआस किंवा क्रांजीसारख्या भागांतल्या मोठ्या निवासगृहांत असतो. एका खोलीत अनेक खाटा. कामावर नेआण पुष्कळदा उघड्या ट्रकच्या मागच्या बाजूला बसवून. 2020 मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा तेथील बहुतांश रुग्ण याच निवासगृहांतले होते. इमारतीतील टक्केवारीच्या नियमात ही माणसे मोजलीच जात नाहीत. ज्या शहराने वस्त्या मिसळल्या, त्यानेही एक वेस राखून ठेवली आहे. माणसे तेवढी बदलली.

मी शिक्षिकेच्या आवेशात म्हणाले, "कितीही प्रगती होवो, कोणीतरी वेशीबाहेर ठेवलाच जातो!"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, रागावणार नाही ना? आमच्या खोलीला मुली काय म्हणायच्या, ठाऊक आहे तुम्हांला?"

मला ठाऊक नव्हते.

"पालाची खोली."

ती भटक्या समाजातली. ज्या वर्षी ती पाचवीत आली, त्या वर्षी त्या समाजाच्या सहा मुलींना मी तळमजल्यावरची टोकाची खोली दिली होती. त्यांच्या पालकांनीच विनवले होते: पोरी घर सोडून प्रथमच आल्या आहेत, बोली वेगळी आहे, एकत्र असल्या तर रडणार नाहीत. मला ते पटले. वहीत सरळ रेघा आखून मी नावे लिहिली. अक्षर वळणदार. सर्वांची सोय पाहिली. पुढच्या वर्षी तीच यादी पुढे चालवली, त्याच्या पुढच्या वर्षीही.

"पहिल्या वर्षी त्या खोलीमुळेच मी टिकले, बाई. नाहीतर पळून गेले असते. पण दहावीपर्यंत तीच खोली? आम्हांला कोणी वर बोलावले नाही, आणि आम्हीही विचारले नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला उत्तर देता आले असते. मी एवढेच म्हणू शकले, "अगं, तेव्हाच सांगायचे होतेस." ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही बाई होतात."

समतेची गाणी आम्ही रोज प्रार्थनेनंतर म्हणत होतो. वेस माझ्याच वहीत होती.

जूनमध्ये शाळा उघडली. वसतिगृहाचा कारभार आता माझ्याकडे नाही. तरी अधीक्षिकाबाई आणि मुख्याध्यापकांपुढे मी ही हकीकत जशी घडली तशी मांडली. आता पाचवीच्या मुलींना पहिले सत्र ओळखीच्या मुलींसोबत राहू देतात. दिवाळीनंतर चिठ्ठ्या टाकून खोल्या ठरतात आणि दरवर्षी बदलतात. दोन पालकांनी विरोध केला. त्यांपैकी एक आपल्याच समाजाचे, आपल्याच चळवळीतले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. चिठ्ठ्यांनी मने मिसळतीलच असे मी म्हणणार नाही. सिंगापूर पाहिल्यावर तर मुळीच नाही. नियम दार उघडतो. आत कोण कोणाला बोलावते, हे नियमाच्या हाती नसते.

या स्मरणिकेत वसतिगृहाची जुनी छायाचित्रे छापली जात आहेत. त्यांतल्या एकात तळमजल्याच्या पायरीवर सहा मुली ओळीने बसलेल्या दिसतील. त्या वर्षांत वर राहणाऱ्या ज्या मुली आज हे वाचत असतील, त्यांना माझी विनंती आहे: त्या सहा जणींचे पत्ते शाळेत आहेत. एकदा बोलवा. मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. येत्या दिवाळीत ती भारतात येते आहे, आणि उतरणार आहे माझ्या घरी.