खांदा कॉलनीहून शरणपूरला

नवीन पनवेलच्या पश्चिम भागातील खांदा कॉलनी ही सिडकोने आखलेली वसाहत असून, तेथून नाशिकला निघालेल्या प्रवाशास खांदेश्वर स्थानकावरून लोकलने ठाणे आणि पुढे कसारा घाटाने नाशिक रोड हा मार्ग सोयीचा पडतो. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे चढावर डबे रेटणारी जादा इंजिने, जोडली जातात. एक हिसका बसतो आणि गाडी बोगद्यांमागून बोगदे ओलांडत इगतपुरी गाठते.

नाशिकचा शरणपूर रोड आज दुकाने, दवाखाने आणि रहदारीने गजबजलेला असला, तरी ज्या शरणपूरचे नाव तो वागवतो, ती ख्रिस्ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये उभारली. गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार अरबी समुद्रात पकडी, तेव्हा त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरवली जात, आणि त्यांपैकी काहींना येथे आणून सुतारकाम, लोहारकाम व इंग्रजी शिकवले जाई. अशांपैकीच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला, तेव्हा त्याचे हृदय जेथे पुरले तेथे दफनविधीची प्रार्थना याने वाचली, शेजारच्या झाडावर मृत्युलेख कोरला, आणि सोबत्यांसह ते शव महिनोन्महिने पायी वाहून किनाऱ्यास आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबही होता. पुढे शरणपूरच्या अनेकांना मोंबासाजवळच्या फ्रेरटाउन या नव्या वसाहतीत नेण्यात आले. त्यांची मर्जी कितपत विचारली गेली, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

समुद्रावर गुलाम सोडवणाऱ्या इंग्रजांच्या स्वतःच्या मुलखांत मात्र गुलामगिरी सर्वत्र एकाच वेळी संपली नाही. कॅरिबियन बेटांत १ ऑगस्ट १८३४ हा मुक्तिदिन आजही साजरा होतो, परंतु ज्या ब्रिटिश कायद्याने तो आणला, त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. येथे १८४३ चा पाचवा अधिनियम आला, आणि त्याने गुलामावरील हक्क न्यायालयात मान्य होणार नाही असे ठरवले. पण राबणाऱ्याला तू सुटलास असे जाऊन सांगण्याची जबाबदारी कोणावरही टाकली नाही. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे विकत घेतलेल्या दासी, सरकारी खात्यांत आणि सुखवस्तू घरांत राबत असत. दास्य संपल्याचा दिवस त्यांच्या वारसांच्या पंचांगात नाही, कारण तसा दिवस जाहीरपणे कधी उजाडलाच नाही. अशा दिवसाच्या स्मरणाचा खरा उपयोग येथे दिसतो: ज्याला हक्क मिळाल्याचे ठाऊक नाही, त्याला तो मागता येत नाही.

वेठबिगारीच्या, म्हणजे घेतलेली उचल फेडण्यासाठी माणूस मालकाकडे बांधला जाण्याच्या, प्रथेला हीच गोष्ट लागू पडते. वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर उचलीने जाणाऱ्या रायगडमधील कातकऱ्यांना ती नवी नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमास ९ फेब्रुवारी १९७६ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि अशी सर्व कर्जे कायद्याने रद्द ठरली. म्हणून त्या तारखेच्या स्मरणाचा कार्यक्रम जिल्हा मुख्यालयाच्या सभागृहापेक्षा भट्टीवर, हंगाम चालू असताना, मुकादमादेखत व्हावयास हवा.