कापश्याचे आजारपण

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विद्यालयाची वाटचाल, दहावीचे निकाल, इमारतीसाठी झटलेली माणसे यांविषयी अधिकारी मंडळी लिहीत आहेतच. आम्ही लिहिणार आहोत ते वसतिगृहातील एका सशाच्या आजारपणाविषयी. विषय लहान वाटेल. परंतु त्या आजारपणात एका पालकाने आम्हांला विचारलेला प्रश्न लहान नव्हता.

कापश्या अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. एका माजी विद्यार्थ्यानेच तो पुण्याहून आणून दिला होता. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या मुलांना ससा नवा नव्हता. पण त्यांना ठाऊक होता तो करड्या रंगाचा, चाहूल लागताच गवतात नाहीसा होणारा रानससा. तो वेगळ्या जातीचा प्राणी. कायद्याने संरक्षित, त्याला पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. पाळीव पांढरा ससा हा मूळच्या युरोपीय सशाचा वंशज. माणसाच्या हातून खाणारा ससा पाहून पहिल्या दिवशी मुले थक्क झाली होती.

डिसेंबरातील एका सोमवारी पहाटे, कडाक्याच्या थंडीत, सहावीतील एक विद्यार्थी आमच्या दाराशी आला. "सर, कापश्यानं रात्रीपासून लेंडी टाकली नाही," तो म्हणाला. त्याच्या घरी शेळ्या होत्या. जनावराची प्रकृती लेंडीवरून ओळखायची, हे ज्ञान त्याने कोणत्याही पुस्तकातून मिळवलेले नव्हते. आम्ही जाऊन पाहिले. कापश्या कोपऱ्यात अंग आखडून बसला होता, समोरची कोथिंबीर तशीच पडून होती आणि कान लावून ऐकले तर दात खाण्याचा बारीक आवाज येत होता.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्या सकाळी गाई होत्या, एक म्हैस होती, शेळ्या होत्या. पुठ्ठ्याच्या खोक्यातला ससा पाहून रांगेतली माणसे हसली. डॉक्टर हसले नाहीत. "मी दिवसभर गुरे तपासतो, सशाचे शरीर निराळे असते," असे स्पष्ट सांगून त्यांनी आमच्यादेखतच नाशिकच्या एका पशुवैद्यक मित्राला फोन लावला आणि त्याच्याशी बोलून उपचार सुरू केले. आपल्या ज्ञानाची सीमा चारचौघांत सांगण्यास विद्वत्तेपेक्षा मोठा गुण लागतो, असे आम्हांला त्या वेळी वाटले.

त्यांनी मुलांना समजावून सांगितले ते असे. सशाला उलटी करता येत नाही. त्याचे आतडे अखंड चालत राहावे लागते. दहा-बारा तास पोटात काही गेले नाही, तर आतडे मंदावते, वायू धरतो, वेदनेने तो आणखी खाणे टाकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. दुबळ्या प्राण्याने दुखणे दाखवले तर शिकारी त्यालाच आधी गाठतो. म्हणून ससा दुखणे लपवतो आणि आपल्याला कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. माणसाची औषधे त्याला मनाने कधीही देऊ नयेत. आपल्या घरोघरी असणारी अॅमॉक्सिसिलिनसारखी गोळी सशाच्या पोटातील उपकारक जंतू मारते आणि तीच त्याचा प्राण घेते. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिले, वेदनाशामक आणि आतड्याला चालना देणारे औषध दिले, आणि पुढचे काम आमच्यावर सोपवले.

ते काम होते दर तीन तासांनी भरवण्याचे. सशाचे तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून, गाळून, सुई काढलेल्या सिरिंजने ओठांच्या बाजूने थेंबाथेंबाने द्यायचे. घाई केली तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली अंगाशी ठेवायची. मुलांनी पाळ्या लावल्या, एक वही घातली. वेळ, किती मिलिलिटर घेतले, लेंडी झाली की नाही, वजन किती. स्वयंपाकघरातील काट्यावर पहिल्या दिवशी भरले 1 किलो 700 ग्रॅम. तिसऱ्या रात्री वहीत नोंद झाली: "लेंड्या 4, मिरीएवढ्या." ती नोंद वाचताना वसतिगृहात झालेला आनंद परीक्षेच्या निकालालाही क्वचित झाला असेल.

तरीही तो आपणहून खाईना. तोंड उघडून पाहता डॉक्टरांना दाढांचा संशय आला. सशाचे दात आणि दाढा जन्मभर वाढतात. गवत चावून चावून त्या झिजतात. भाकरी-बिस्किटांसारखे मऊ खाणे पोटात गेले की गवत कमी खाल्ले जाते, आणि रविवारी भेटीस येणारे लोक मायेने नेमके तेच देत असत. न झिजलेल्या दाढेला टोक येते व ते जिभेला टोचते. दाढा घासण्यासाठी भूल द्यावी लागणार होती आणि त्यासाठी नाशिकला जावे लागणार होते.

गाडी ठरली त्या दिवशी एक पालक मुलाला भेटायला आले होते. सारे ऐकून ते म्हणाले, "सर, आमच्या पाड्यावर माणूस आजारी पडला तर डोलीत घालून खाली आणावा लागतो. अन् तुम्ही सशाला गाडीनं नाशिकला नेता?"

खर्च आमच्या पगारातून होता, वसतिगृहाच्या पैशाला हात लावलेला नव्हता. परंतु ते उत्तर झाले नसते. त्यांचा राग खरा होता. सशाची गाडी रद्द केल्याने पाड्यावर रस्ता जाणार नव्हता, हेही खरे होते; पण तसे बोलण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "पोरांनी तीन रात्री जागून जगवलाय, दादा. आता सोडून कसा द्यायचा?"

नाशिकला आम्हांला आश्चर्याची एक गोष्ट कळली. माणसाला भुलेपूर्वी उपाशी ठेवतात, सशाला ठेवत नाहीत. त्याला अगदी शेवटपर्यंत खायला घालायचे असते. भूल सशाला धोक्याची असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तासाभराने कापश्या शुद्धीवर आला. दुसऱ्या दिवशी त्याने हरळीची एक काडी स्वतः ओढून घेतली.

त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला दीड महिन्याने मिळाले. पाचवीतील एका मुलाला रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. तोच सहावीतला विद्यार्थी त्याच्या उशाशी बसून राहिला आणि सकाळी त्याने आमच्या हाती कागद दिला: किती वाजता उलटी, किती वेळा जुलाब, शेवटची लघवी केव्हा, साखर-मिठाचे पाणी किती पेले. दवाखान्यातील डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि हे कोणी लिहिले, असे विचारले. कळवळा सर्वांनाच येतो. पाहणे, मोजणे आणि जागणे शिकावे लागते. ते मुलगा सशापाशी शिकला होता.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे सांगितले आहे: मनुष्यांची आणि पशूंची. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या, असेही तेथे म्हटले आहे. आधी माणसांचे पुरते होऊ द्या, मग जनावरांचे पाहू, असा क्रम त्या लेखात नाही. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. त्याचा अर्थ त्या वहीने अधिक स्पष्ट केला.

आणखी एक गोष्ट मनात येते. आमच्या आजोबांच्या पिढीच्या वाट्याला गावचे जनावर येई ते मेल्यावर. जिवंतपणी त्याच्या गोठ्यात पाय ठेवण्याची मुभा नसे. मेले की ओढून नेण्याचा सांगावा येई. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि पुढे ठिकठिकाणी लोकांनी ती ओढण्याची कामेही नाकारली. त्यांचे नातू-पणतू आज एका जिवंत, दुखणाईत प्राण्याला मांडीवर घेऊन भरवत होते, आणि ते कोणाच्या हुकमाने नव्हे. हे पाहायला आजोबा हवे होते.

कापश्या त्यानंतर दीड वर्ष जगला. दाढा आणखी दोनदा घासाव्या लागल्या. शेवटच्या आजारात उपचारांना यश आले नाही. मुलांनी त्याला स्वच्छ पंचात गुंडाळले, दोन्ही हातांवर उचलून नेले आणि मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली पुरले. वही आमच्याजवळ आहे. शेवटच्या पानावर तारीख आहे, वेळ आहे, आणि नेहमीच्या रकान्यात, नेहमीच्याच अक्षरात, वजन लिहिलेले आहे.