खांबांवरचीं नांवें

परवां माहिमांतील एका माध्यमिक शाळेच्या बक्षीससमारंभास अध्यक्ष म्हणून जाण्याचा योग आला. कॉलेजांत तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माणसास अशीं आमंत्रणें अधूनमधून येतात, आणि तो तीं सहसा नाकारीत नाहीं. हार गळ्यांत पडतो, सरबताचा पेला पुढें येतो, आणि वार्षिक अहवाल वाचला जात असतां गंभीर चेहऱ्यानें मान डोलवावयाची, एवढेंच काय तें काम उरतें.

त्या दिवशींचा अहवाल खरोखरच मान डोलवावी असा होता. शालान्त परीक्षेचा निकाल उत्तम लागला होता. कोणी पोहण्यांत तर कोणी गणितांत चमकलें होतें. आठवीची सहल कार्ल्याचीं लेणीं पाहून आली होती. ध्वजदिनाच्या निधीसही शाळेनें चांगला हातभार लाविला होता, आणि सर्वांत अधिक रक्कम जमविणारा विद्यार्थी म्हणून एका मुलाचें नांव पुकारण्यांत आलें. मीं त्याच्या हातांत प्रशस्तिपत्र दिलें. टाळ्या झाल्या. त्यानें मात्र खालीं घातलेली मान वर केली नाहीं. तो बिचारा लाजत असेल. त्याच्याविषयीं शंका घेण्याचा मला कांहींएक अधिकार नाहीं. परंतु खालीं मान घालून असेंच प्रशस्तिपत्र घेणारा दुसरा एक मुलगा त्या क्षणीं माझ्या डोळ्यांपुढें उभा राहिला, आणि त्याला मी फार जवळून ओळखतों.

गोष्ट 1982 सालची. याच भागांतील दुसऱ्या एका शाळेंत मी आठवींत शिकत होतों. गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारीस सुरू झाला होता आणि डिसेंबर उजाडला तरी मिटला नव्हता. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले होते. माझा बाकसोबती अशाच एका कामगाराचा मुलगा. घरांतला पगार अकरा महिने थांबलेला, वाण्याची उधारी वाढत चाललेली. पण हें त्याच्या तोंडून मीं कधीं ऐकलें नाहीं. त्याची वही मात्र दोन्ही बाजूंनीं लिहून भरलेली असे.

7 डिसेंबर हा ध्वजदिन. सैनिकांसाठीं व त्यांच्या कुटुंबीयांसाठीं 1949 पासून तो देशभर पाळला जातो. आम्हां मुलांना कागदी ध्वज, टाचण्या आणि एकेक पत्र्याचा डबा देण्यांत आला. मी मोठ्या उत्साहानें बाहेर पडलों. पहिल्याच दारांत एका गृहस्थांनीं, "कालच दिले," असें म्हणून दार लावून घेतलें. आणखी तीन दारें कशीबशीं ठोठावलीं आणि मी घरीं परतलों. मागणें ही गोष्ट किती अवघड असते हें त्या दिवशीं कळलें. परंतु तो धडा पुरा शिकण्याची वेळ माझ्यावर आली नाहीं. वडील बँकेंत चांगल्या हुद्द्यावर होते. माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनीं पन्नासाची नोट डब्यांत सारली आणि म्हणाले, "झालें ना तुझें काम? बैस आतां अभ्यासाला."

बाकसोबत्याच्या डब्यांत अठरा रुपये आणि कांहीं पैसे निघाले. पांच-दहा पैशांचीं तीं नाणीं मोजतांना आमच्या सरांचीं बोटें काळीं झालीं. त्याच्या चाळीचे चारही मजले, शेजारच्या दोन चाळी, सगळें तो पालथें घालून आला होता. आणि त्या खोल्यांतून राहणाऱ्यांतले बहुतेक संपावरचेच होते. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं नांव पुकारलें गेलें तें माझें.

वर्गांत आल्यावर त्यानें मला विचारलें, "एवढीं घरें तूं हिंडलास तरी कधीं?"

"शिवाजी पार्कापर्यंत गेलों होतों," मीं म्हटलें.

त्याला तें खरें वाटलें. "दमला असशील," असें तो म्हणाला, आणि माझें दप्तर त्यानें उचलून बाकावर ठेविलें.

पुढें पंधरा दिवसांनीं आमची सहल कार्ल्यास गेली. वर्गणी पंचवीस रुपये होती. तो आला नाहीं. परत आल्यावर त्यानें सगळें खोदखोदून विचारलें, आणि मीं एकवीरेच्या पायऱ्या, लोणावळ्याची चिक्की, माकडें असें सगळें रंगवून सांगितलें. सांगावयाचें होतें तें मात्र राहून गेलें, कारण तें मलाच ठाऊक नव्हतें.

पुष्कळ वर्षांनीं कार्ल्याच्या शिलालेखांचें वाचन माझ्या हातीं पडलें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेल्या त्या भव्य चैत्यगृहांत सदतीस खांब आहेत, आणि त्यांपैकीं कित्येकांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांचीं नांवें आहेत. कोणी एक खांब दिला, तेवढाच त्याच्या नांवें लिहिला गेला. धेनुकाकट गांवचे अनेक जण त्यांत आहेत, यवनही आहेत. सिंहदत्त नांवाच्या एका गंध्यानें दरवाजा करविला, त्याची नोंद आहे. दारावर काम करणाऱ्या सुताराचेंही नांव आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठींचा लेख मोठा आहे खरा, पण त्याच्या मोठेपणामुळें खांबवाल्यांचीं नांवें कोणीं पुसलीं नाहींत. तेथून जवळच्या तळेगांवीं 1908 सालीं पैसा फंडाचा कांचकारखाना निघाला, त्यामागेंही हीच बुद्धि होती. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा मागितला. किती रक्कम आली यापेक्षां किती हात पुढें झाले, याला त्यांत मोल होतें.

याचा अर्थ मोठें दान हलकें, असा नव्हे. समारंभानंतर मी लेडी जमशेटजी रस्त्यानें घरीं निघालों, तेव्हां त्या बाईंची आठवण होणें साहजिक होतें. माहीम आणि वांद्रें यांमधील खाडी ओलांडतांना होड्या बुडत, माणसें दगावत. म्हणून आवाबाई जमशेटजी यांनीं 1,57,000 रुपये दिले आणि 1845 सालीं तेथें बांधरस्ता खुला झाला. त्यावर जकात बसवूं नये, एवढीच त्यांची अट. त्यांचें नांव रस्त्याला शोभतें, कारण पैसा त्यांचा स्वतःचा होता. माझ्या प्रशस्तिपत्रावरील नांव शोभत नव्हतें, कारण पैसा वडिलांचा होता आणि पायपीट कोणाचीच नव्हती.

तो बाकसोबती पुढच्या जूनमध्यें शाळेंत दिसला नाहीं. कुटुंब कोंकणांत गांवीं गेल्याचें कोणीसें सांगितलें. संपानें अशीं कितीतरी कुटुंबें मुंबईंतून उठविलीं. त्याला खरें सांगण्याचें माझ्या मनांत अनेकदां आलें होतें. पण मुलांच्या मनांतील "उद्यां" फार लांबतो, आणि एक दिवस ती जागाच रिकामी दिसते.

अध्यक्षीय भाषणांत मीं कार्ल्याचे खांब सांगितले. अहवालाच्या शेवटीं डबा घेऊन फिरलेल्या प्रत्येक मुलाचें नांव छापावें, रक्कम न छापली तरी चालेल, अशी विनंति केली. मुख्याध्यापिकाबाईंनीं ती आनंदानें मान्य केली. मुलांनीं टाळ्याही वाजविल्या. पन्नास रुपयांची नोट मात्र मीं त्यांना सांगितली नाहीं. गळ्यांत हार असतां तें जमलें नाहीं. म्हणून ती येथें सांगितली आहे.