पडद्यावर गाविलगड का येईना?

बालमित्रांनो, तुमच्या वर्गातली भिंत तुम्ही सजवता ना? कुणी पताका लावतं, कुणी सुविचार लिहितं, कुणी आपलं चित्र चिकटवतं. कॉम्प्युटर सुरू केल्यावर समोर जो पडदा दिसतो, तोही अशीच एक भिंत आहे. त्याला डेस्कटॉप म्हणतात. त्यावरचं चित्र, अक्षरांचा आकार, रंग, सारं आपल्याला बदलता येतं.

जगात सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेल्या चित्रांपैकी एक चित्र अशाच भिंतीवर होतं. हिरवीगार टेकडी, वर निळं आभाळ आणि पांढरे ढग. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीसोबत ते घरोघरी पोचलं. पुष्कळांना ते रंगवलेलं वाटे. पण तो खराखुरा फोटो आहे. चार्ल्स ओ'रिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात तो फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपला. मी तो मुलांना दाखवला तेव्हा एक जण लगेच म्हणाला, "मॅडम, याच्यात काय? असं तं आपल्या चिखलदऱ्याले श्रावणात रोजच दिसते!"

खरंच होतं त्याचं. परतवाड्याहून घाट चढून गेलं की पावसाळ्यात अशा कितीतरी टेकड्या भेटतात. मग ठरलं, शाळेच्या कॉम्प्युटरवर आपल्याच भागातला फोटो लावायचा. कुणी संत्र्याचा बगीचा आणला, कुणी भीमकुंड. मतं घेतली. १८०३ च्या लढाईत इंग्रजांनी जिंकलेला आपला गाविलगड निवडून आला.

फोटो होता मोबाईलवर उभा काढलेला आणि कॉम्प्युटरचा पडदा असतो आडवा. म्हणून आधी मापाचा प्रश्न समजून घेतला. 'फिल' निवडलं तर पडदा पूर्ण भरतो, पण फोटोचा वरचा-खालचा भाग कापला जातो. 'फिट'मध्ये फोटो अख्खा दिसतो, पण दोन्ही बाजूंना मोकळ्या पट्ट्या उरतात. 'स्ट्रेच'मध्ये मात्र तो ओढून ताणून बसवला जातो. त्यात गाविलगडाचा दरवाजा भाकरीसारखा पसरट होणार! मुलांनी 'फिट' निवडलं.

आणि गंमत झाली. फोटोवर माऊसचं उजवं बटण दाबून 'सेट ॲज डेस्कटॉप बॅकग्राऊंड' केलं, तरी पडदा काळाच. "मॅडम, फोटो तं येऊनच नाई राह्यला!" एकच गलका झाला. कुणी म्हणे व्हायरस आहे, कुणी म्हणे फोटोच खराब आहे. एकाने तर कॉम्प्युटरला थापट मारायला हात उचलला.

मी म्हटलं, थांबा. डॉक्टर काय करतात? आधी तपासतात. आपणही एका वेळी एकच गोष्ट तपासू आणि वहीत लिहू.

पहिली गोष्ट, दुसरा फोटो लावून पाहिला. तोही आला नाही. म्हणजे दोष फोटोचा नव्हता. दुसरी, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. काही सेटिंग त्यानंतरच लागू होतात. फरक पडला नाही. तिसरी, सेटिंगची बटणं फिकट झाली आहेत का ते पाहिलं. विंडोजची रीतसर नोंदणी झालेली नसली, किंवा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांनी कुलूप घातलं असलं, तर असं होतं. पण बटणं ठळक होती. चौथी, 'इझ ऑफ ॲक्सेस' हा विभाग उघडला. आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं. विंडोज ११ मध्ये या विभागाला 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणतात. तिथे पडद्यामागचं चित्र दाखवायचं बटण कुणीतरी बंद केलं होतं आणि अक्षरंही मोठी केली होती.

"कोणं केलं हे?" मुलं एकमेकांकडे पाहू लागली. जुलैत नव्याने शाळेत आलेल्या एका मुलीने हळूच हात वर केला. "म्यां केलं मॅडम. चित्र असलं की मले त्याच्यावरची नावं वाचताच नाई येत." तिच्या भावाने त्याच्या कॉम्प्युटर क्लासात हे शिकून तिला दाखवलं होतं. फळ्यावरचंही तिला धूसर दिसायचं, पण सगळे चष्म्यावरून चिडवतील म्हणून तिने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

वर्ग गप्प झाला. मग एक मुलगा म्हणाला, "पण मॅडम, मतं तं आम्हाले जास्त पडली!" प्रश्न चांगला होता. चित्र कोणतं लावायचं, हे मतांनी ठरवता येतं. कुणाला वाचता यावं आणि कुणाला नाही, हे मतांनी कसं ठरेल? मी मुलांनाच उपाय शोधायला सांगितला. काळ्या पडद्यावर कायम राहायला कुणी तयार नव्हतं, पण तिचं वाचन बंद व्हावं असंही कुणाला वाटत नव्हतं.

उपाय कॉम्प्युटरमध्येच होता. त्यात वेगवेगळी खाती उघडता येतात आणि प्रत्येक खातं आपलं चित्र, आपले रंग वेगळे लक्षात ठेवतं. एका घरात दोन खोल्या असाव्यात तसं. आम्ही दोन खाती केली. एकात गाविलगड आला. दुसऱ्यात मोठी अक्षरं आणि साधा काळा पडदा. त्या खात्याचं नाव मुलांनी ठेवलं 'ठळक'. आता मागच्या बाकावरचे दोघंतिघंही 'ठळक'मध्येच बसतात!

त्या मुलीच्या आईवडिलांना मी बोलावून घेतलं. सरकारी दवाखान्यात डोळे तपासले, चष्मा लागला. पहिल्या दिवशी दोघं हसले. तिने त्यांना फळ्यावरची सर्वांत खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली.

पालकांनो, मूल पुस्तक नाकाशी धरत असेल, टीव्हीच्या अगदी जवळ बसत असेल, तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. आणि मुलांनो, घरच्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर एखादं सेटिंग लागू होत नसलं, तर वही घ्या, एकेक गोष्ट तपासा. कुणी आधीच काही बदललं असेल तर ते पुसण्यापूर्वी त्याला विचारा. आजोबांनी अक्षरं मोठी केली असतील, तर तशीच राहू द्या बरं का!