मृत्युपत्रातली नर्तकी

मृत्युपत्रात माणसे काय काय लिहून ठेवतात! घर, शेत, दागिने, फार तर दावणीची जनावरे. १७८५ साली आन्तोनी तिझेनहाउस नावाचा सरदार वारला, तेव्हा त्याने पोलंडच्या राजाला चक्क नर्तक-नर्तकी लिहून दिल्या. सुमारे तीस जण. त्यांतलीच एक दोरोता सितान्स्का.

(कोल्हापूरकरांना पोलंड तसे परके नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वसाहतच होती.)

तिझेनहाउस हा लिथुआनियाचा दरबारी खजिनदार. ग्रोद्नो येथे त्याने कारखाने काढले, शाळा काढल्या आणि भूदासांची मुलेमुली निवडून त्यांना बॅलेचे शिक्षण दिले. भूदास म्हणजे जमिनीबरोबर ज्यांचा मालक बदलतो अशी माणसे. इतिहासात त्याला कलेचा आश्रयदाता म्हणतात. मला तो शब्द पचत नाही. पण तो नसता तर दोरोताचे पाय आयुष्यभर चिखलातच राहिले असते, हेही नाकारता येत नाही. इथे माझी मती कुंठित होते.

राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्की मोठा रसिक. त्याने या मंडळींना वॉर्साला आणले, ल दू या फ्रेंच नृत्यशिक्षकाच्या हाती सोपवले आणि नाव दिले ‘महाराजांचे राष्ट्रीय नर्तक’. राष्ट्रीय, पण महाराजांचे! दोरोता, मिखाऊ रिमिन्स्की, मारियान्ना मालिन्स्का ही नावे गाजली.

मी सहा वर्षे कथक शिकते आहे. ‘आता नाच पुरे, परीक्षेचे बघ,’ असे घरी अधूनमधून ऐकावे लागते. मग मी रुसते, जेवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी घुंगरू घेऊन क्लासला जाते. ‘आज मी नाचणार नाही,’ असे म्हणण्याची सोयही मला आहे. दोरोताला यांतले काहीच नव्हते. आणि तरी तिच्या गिरकीत आनंद नसेलच, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ताल पायांत भिनला की तो मालकाला विचारत नाही, एवढा माझाही अनुभव आहे.

१७९४ च्या उठावात हा संच मोडला. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी उरलेला पोलंड वाटून घेतला, राजाने सिंहासन सोडले. नर्तक वारशात मिळालेल्या राजाचे राज्यच वाटणीत गेले!

वॉर्सातल्या त्याच्या वाझिएन्की बागेत १७८८ सालचे नाट्यगृह अजून उभे आहे. त्याच्या भिंतींवर सज्जे आणि सज्ज्यांत बसलेले प्रेक्षक रंगवलेले आहेत. नटूनथटून, रंगमंचाकडे पाहत.